शब्दकोडं अडलं? उत्तर बघू नका, आधी एक अक्षर मागा

'कमळ (३)'. पेपरातल्या शब्दकोड्यात ही सूचना अगदी सोपी वाटते. पण लिहायचं काय? पंकज, सरोज, नीरज, जलज, अंबुज की राजीव? सगळे शब्द तीन अक्षरी आणि सगळ्यांचा अर्थ कमळ.

इथे अडलं की बरेच जण कोडं सोडून देतात आणि उद्याच्या अंकात उत्तर बघू म्हणतात. काही जण लगेच मोबाइल काढून उत्तर उतरवून घेतात. या दोन्हींच्या मधला रस्ता म्हणजे हिंट घेणं. 'हिंट घेतली म्हणजे चीटिंग' असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात शब्दकोडं हा खेळच हिंटवर उभा आहे आणि हिंट नीट घेतली तर शब्द जास्त काळ लक्षात राहतो. ते कसं, हे समजून घेऊ.

पहिल्याच कोड्यात होती हिंट

आज ओळखतो त्या प्रकारचं पहिलं शब्दकोडं २१ डिसेंबर १९१३ रोजी अमेरिकेतल्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत छापून आलं. ते तयार केलं होतं आर्थर विन या मूळच्या लिव्हरपूलच्या पत्रकाराने. कोड्याचा आकार शंकरपाळ्यासारखा होता आणि नाव होतं 'वर्ड-क्रॉस'.

त्या कोड्यातला एक शब्द आधीच भरून दिला होता. पुरवणीचं नाव 'फन', आणि तेच तीन अक्षरी इंग्रजी नाव कोड्याच्या वरच्या भागात छापलेलं होतं. म्हणजे जगातल्या पहिल्या शब्दकोड्यानेही वाचकाच्या हातात तीन अक्षरं ठेवूनच सुरुवात केली.

मराठी कोड्यात एक चौकोन म्हणजे किती?

इंग्रजी कोड्यात एका चौकोनात एक लेटर बसतं. मराठीत एका चौकोनात पूर्ण अक्षर बसतं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर सगळं धरून. 'महाराष्ट्र' चार चौकोनांत मावतो: म-हा-रा-ष्ट्र. 'स्वातंत्र्य' तर फक्त तीन चौकोनांत: स्वा-तं-त्र्य.

त्यामुळे मराठी कोड्यात भरलेला एक चौकोन इंग्रजीपेक्षा जास्त माहिती देतो. इंग्रजीत एका घरात २६ शक्यता असतात. मराठीत व्यंजनं, त्यांची बाराखडी आणि वर जोडाक्षरं मिळून त्या शेकड्यांत जातात. म्हणून 'रो' हे एक अक्षर कळलं की बाकीचे बहुतेक शब्द आपोआप बाद होतात.

मोबाइलची मदत घेणाऱ्यांनी इथे जरा सावध राहावं. युनिकोडमध्ये 'स्वातंत्र्य' हा शब्द ११ वेगवेगळ्या चिन्हांत साठवला जातो. त्यामुळे सॉफ्टवेअरने मोजलेली 'अक्षरं' आणि कोड्यातले चौकोन जुळतीलच असं नाही. चौकोन स्वतः बोटांवर मोजलेले बरे.

दोन अर्धवट उत्तरांतून एक पक्कं

समजा, आडव्या शब्दाची सूचना आहे 'कमळ (३)'. त्याच चौकोनातून उभा शब्द सुरू होतो, त्याची सूचना आहे 'आकाश (३)'. आकाशासाठी आठवतात गगन, आभाळ, अंबर. दोन्हीपैकी एकाचंही उत्तर नक्की नाही.

आता फक्त पहिली अक्षरं बघा. कमळासाठी पं, स, नी, ज, अं, रा. आकाशासाठी ग, आ, अं. दोन्हीकडे असलेलं अक्षर एकच: अं. म्हणजे आडवा 'अंबुज' आणि उभा 'अंबर'. कुणालाही न विचारता दोन्ही शब्द सुटले. कोड्यातली सगळ्यात चांगली हिंट अशी कोड्यातच असते. म्हणून क्रमाने १ नंबरपासून सोडवण्यापेक्षा आधी खात्रीचे शब्द भरावेत आणि मग त्यांना छेदणाऱ्या शब्दांकडे वळावं.

सगळ्या हिंट सारख्या नसतात

'कमळ'चं शेवटचं अक्षर 'ज' आहे असं कळलं, तर किती फायदा? फारसा नाही. यादीतला फक्त 'राजीव' बाद होतो, बाकी पाच शब्द तसेच राहतात. मधलं अक्षर कळलं तर मात्र उत्तर एका फटक्यात मिळतं, कारण सहाही शब्दांत ते वेगळं आहे.

शेवटच्या 'ज'मागे कारण आहे. 'ज' म्हणजे जन्मलेला. पाण्याला जल, नीर, अंबु म्हणतात. त्यात जन्मलं ते जलज, नीरज, अंबुज. चिखल म्हणजे पंक, म्हणून पंकज. हीच किल्ली पुढेही चालते. 'द' म्हणजे देणारा, म्हणून जलद, नीरद, अंबुद म्हणजे ढग. शेवटी 'धी' आलं की जलधी, अंबुधी म्हणजे समुद्र. तीन प्रत्यय कळले की डझनभर उत्तरं कळतात.

सूचनेचं व्याकरणही हिंटच असतं. 'मुलगा (२)' असेल तर सुत, 'मुलगी (२)' असेल तर सुता. पण 'लेक' दोन्हीकडे बसतो, तेव्हा घाई नको. ऱ्हस्व-दीर्घही बघावं: 'रवी' दीर्घ, पण 'रविवार'मध्ये 'वि' ऱ्हस्व.

एका अक्षराने शब्द कसा आठवतो?

'अगदी जिभेवर आहे, पण आठवत नाही' ही अवस्था सगळ्यांना माहीत आहे. रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये तिच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना कमी वापरातल्या इंग्रजी शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या आणि शब्द ओळखायला सांगितलं. ज्यांच्या 'जिभेवर' शब्द अडकला होता, त्यांना पूर्ण शब्द सांगता येत नव्हता. पण त्याचं पहिलं अक्षर आणि त्यात किती उच्चारखंड आहेत, हे त्यांना नुसत्या अंदाजाने जमेल त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा बरोबर सांगता आलं. म्हणजे शब्द डोक्यातून गेलेला नसतो. त्याचा तुकडा हाताशी असतो.

दुसरा अभ्यास १९७८ चा, नॉर्मन स्लामेका आणि पीटर ग्राफ यांचा. एका गटाला शब्दांच्या पूर्ण जोड्या वाचायला दिल्या. दुसऱ्या गटाला पहिला शब्द आणि दुसऱ्याचं फक्त पहिलं अक्षर दिलं. उदाहरणार्थ 'रॅपिड' आणि पुढे नुसता 'एफ'. उत्तर 'फास्ट' स्वतः शोधायचं. ज्यांनी शब्द स्वतः पूर्ण केला, त्यांच्या तो जास्त लक्षात राहिला.

कोडं सोडवणाऱ्याला यातून सरळ सल्ला मिळतो. आयतं उत्तर लिहिलं तर चौकोन भरतो, पण तोच शब्द पुढच्या महिन्यात पुन्हा अडवतो. एक अक्षर घेऊन स्वतः शोधला तर तो आपला होण्याची शक्यता जास्त.

मग हिंट कशी घ्यायची?

१. आधी छेदणारे शब्द सोडवा.
२. तरी अडलं तर कोडं बाजूला ठेवा आणि चहा झाल्यावर पुन्हा बघा.
३. घरात कुणाला विचाराल तर 'उत्तर सांग' म्हणू नका, 'पहिलं अक्षर सांग' म्हणा. चॅटबॉटलाही हेच सांगता येतं.
४. अक्षर कळल्यावर शब्दकोश उघडा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश इंटरनेटवर मोफत शोधता येतात. कोड्यात येणारे जुने शब्द तिथे सापडतात.
५. पूर्ण उत्तर सगळ्यात शेवटी. आणि बघितलंच, तर त्या शब्दाची फोड करून बघा.

कोडं सोडवल्याने विस्मरण टळतं का?

'रोज शब्दकोडं सोडवा, स्मृतिभ्रंश होणार नाही' असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत असतात. शब्दकोडं सोडवल्याने हा आजार टळतो, हे सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांचं विसरणं वाढत असेल तर त्यांना कोड्यांचं पुस्तक देऊन थांबू नये, डॉक्टरांना दाखवावं.

कोडं मात्र त्यांच्यासोबत जरूर सोडवावं. 'अंबुद' म्हणजे काय, हे घरात त्यांनाच आधी आठवण्याची शक्यता आहे. फक्त उत्तर लगेच सांगू नका, असं त्यांना आधीच बजावून ठेवा.