बांगाई कार्डिनल घेण्याआधी

चंदेरी अंग, काळे पट्टे, पांढरे ठिपके. प्रवाळांच्या (रीफ) टाकीत बांगाई कार्डिनल हा मासा उठून दिसतो. त्याचं मूळ घर मात्र इंडोनेशियातली सुलावेसीजवळची बांगाई बेटं, तेवढंच.

नर अंडी तोंडात धरून उबवतो आणि तोवर उपाशी राहतो. पिल्लं मोजकीच, तीही प्रवाहाबरोबर दूर जात नाहीत, जवळच्या सी अर्चिनच्या काट्यांत लपतात. म्हणून एका जागचे मासे उपसले की ती जागा पुन्हा भरणं अवघड. २००७ साली आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेने त्याला संकटग्रस्त ठरवलं.

सुदैवाने टाकीतही त्याची पैदास होते. विकत घेताना दुकानदाराला विचाराच: हॅचरीतला की समुद्रातला?

आणि टाकीत ठेवायचे प्रवाळ? भारतात दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. ते समुद्रातून काढणं गुन्हा ठरतो.