थंडीतील शेळी आणि गरिबाचे भांडवल

मार्गशीर्ष लागला की बालाघाटाच्या पठारावरील हवा झपाट्याने पालटते. दुपारी अंगातला सदरा नकोसा व्हावा आणि पहाटे पांघरुणातून बाहेर पडवू नये, असे दिवस धाराशिव जिल्ह्यात सुरू होतात. माणूस दार लोटून घेतो. दाराबाहेर खुंट्याला बांधलेल्या शेळीचे काय होते, हा प्रश्न आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात कधी विचारीत नाही. वस्तुतः तो अर्थशास्त्राचाच प्रश्न आहे.

जिल्ह्याचे नाव 2023 साली बदलले; शेळीच्या जातीचे नाव मात्र उस्मानाबादीच राहिले. बहुतांशी काळ्या रंगाची, काटक आणि पुष्कळदा जुळी करडे देणारी ही शेळी अवर्षणाच्या या मुलुखात भूमिहीनांची शिल्लक आहे. मुलाची फी भरावयाची असो वा दवाखान्याचा खर्च निघो, बाजारात जाते ती शेळीच.

प्रौढ शेळी कोरडी थंडी बरीच सोसते. वारा आणि ओल या दोहोंपुढे मात्र तिचा टिकाव लागत नाही. करडाची अवस्था तर अधिक नाजूक. पाच महिन्यांच्या गाभणकाळानंतर ते ओल्या अंगाने, चरबीचा फारसा साठा नसताना जन्मते. त्याच्या शरीराची ऊब सुमारे 39 अंश सेल्सिअस राहावयास हवी. उघड्यावर रात्र काढली तर ते गारठते आणि फुप्फुसदाहाला बळी पडते.

यावरचे उपाय साधे आहेत. वाऱ्याच्या बाजूस पोत्यांचा आडोसा करावा, पण वरून हवा खेळती ठेवावी. कोंदट गोठ्यातील मुताची उग्र वाफ व शेकोटीचा धूर दोन्ही घातकच. खाली कोरडे भुसकट अंथरावे. जन्मताच करडू पुसून कोरडे करावे आणि तासाभरात त्याला चीक पाजावा. दव सुकल्यावाचून कळप चरावयास सोडू नये.

या निगेचा खर्च चार पोत्यांपलीकडे क्वचितच जातो. उलट जुळ्यांपैकी एक करडू दगावले, तर त्या वेतातून यावयाच्या उत्पन्नाचा निम्मा भाग एका रात्रीत बुडतो. कारखान्यातील यंत्राची झीज हिशेबात घसारा म्हणून धरली जाते; या बुडालेल्या भांडवलाची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

मग ही निगा का होत नाही? अज्ञान हे याचे एकमेव कारण नव्हे. शेळी सांभाळते ती बहुधा घरातील स्त्री, आणि तिला दिवस उजाडताच दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जावे लागते. जिच्या स्वतःच्या घराला धड भिंत नाही, तिने शेळीसाठी भिंत कोठून आणावी? दहा शेळ्या व एक बोकड देणाऱ्या योजना सरकारने राबविल्या. 2020 च्या डिसेंबरात राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ग्रामसमृद्धी योजनेत रोजगार हमीतून शेळ्यांच्या गोठ्याचीही सोय होती. दिशा योग्य होती. परंतु जनावर एका योजनेतून आणि निवारा दुसरीतून, अशी फारकत असेल तर दुसरा अर्ज भरण्याआधीच हिवाळा येऊन ठेपतो. शेळी आणि तिचा आडोसा एकाच मंजुरीत मिळाला पाहिजे.

तोवर काही भार आपणा सुशिक्षितांवरही आहे. शिक्षकाने वर्गात चिकाचे महत्त्व सांगावे, कारकुनाने गोठ्याचा अर्ज टेबलावर अडू देऊ नये. पौषातील एका पहाटे एक करडू जगले, तर कदाचित त्याच करडावर एखाद्या मुलीची पुढील वर्षाची फी भरली जाईल.