खेळण्याच्या पोटातला गळा

आधी एक गंमत करा. गळ्यावर दोन बोटं ठेवा आणि लांब 'आऽऽ' म्हणा. थरथर जाणवली? आता 'स्स्स्' म्हणा. थरथर गायब! पुन्हा 'आऽऽ' म्हणता म्हणता 'ईऽऽ' म्हणा. गळा तसाच थरथरतोय, बदलला तो तोंडाचा आकार. एवढं ध्यानात ठेवा. आज ज्या खेळण्याचं पोट आपण उघडणार आहोत, त्याचं गुपित यातच आहे.

१९७८ साली अमेरिकेतल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने 'स्पीक अँड स्पेल' हे खेळणं बाजारात आणलं. ते इंग्रजी शब्द बोलायचं आणि मुलांनी त्याचं स्पेलिंग बटनं दाबून लिहायचं. बोलक्या बाहुल्या त्याआधीही होत्या, पण त्यांच्या पोटात दोरी ओढली की फिरणारी चिमुकली तबकडी असे. हवा तो शब्द हव्या त्या क्षणी बोलणं तिला कुठलं जमायला!

१९७६ मध्ये पॉल ब्रीडलव्ह यांना ही कल्पना सुचली, तेव्हा कंपनीने सुरुवातीला दिले २५ हजार डॉलर. खरी अडचण होती जागेची. टेलिफोनवर ऐकू येतो तसा आवाज अंकांत साठवायचा, तर एका सेकंदाला ६४ हजार बिट लागतात. बिट म्हणजे शून्य किंवा एक, बरं का! खेळण्यात माहिती साठवणाऱ्या चिप होत्या दोन, दोन्ही मिळून सुमारे २ लाख ६२ हजार बिटांच्या. करा भागाकार. जेमतेम चार सेकंद! चार सेकंदांत कसला अभ्यास होणार?

मग त्यांनी आवाज साठवायचाच नाही असं ठरवलं. साठवायच्या त्या गळ्याला आणि तोंडाला द्यायच्या सूचना! आधी माणसाकडून शब्द बोलून घेतले आणि संगणकाने त्यांची चिरफाड केली. दर सेकंदाचे ४० तुकडे. प्रत्येक तुकड्यासाठी आवाज किती मोठा, गळ्याची थरथर किती वेगाची (की 'स्स्स्'सारखी नुसतीच हवा), आणि तोंडाचा आकार सांगणारे दहा आकडे. सगळं मिळून जास्तीत जास्त ४९ बिट. तोंडाचा आकार मागच्या तुकड्यासारखाच असेल, तर 'तेच पुन्हा' एवढीच खूण. शांतता असेल, तर चारच बिटांत काम भागे. अशा काटकसरीने सेकंदाला साधारण १,२०० बिट पुरू लागले आणि त्याच दोन चिपमध्ये साडेतीन मिनिटांहून जास्त बोलणं मावलं!

या सूचना वाचून आवाज घडवायची ती तिसरी चिप. एवढुशा तुकड्यावर अख्खा गळा! ती सेकंदाला ८ हजार आकडे काढून स्पीकरकडे पाठवायची. रिचर्ड विगिन्स आणि लॅरी ब्रँटिंगहॅम यांनी तिच्यावर काम केलं. बटनं आणि पडदा सांभाळायला चौथी चिप होती. हा आवाज जरा यंत्रासारखा, घोगरा वाटे खरा. पण शब्द ओळखू येई, आणि स्पेलिंगच्या खेळात तेच महत्त्वाचं.

आणि ही युक्ती मुळात आली कुठून? आवाजाचा पुढचा आकडा मागच्या आकड्यांवरून ओळखायचा, या गणितावर १९६० च्या दशकात जपानमध्ये फुमितादा इताकुरा आणि अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बिष्णू अटल काम करत होते. अटल आपल्या कानपूरचे, बंगळूरच्या विज्ञान संस्थेत शिकलेले!

हे खेळणं सिनेमातही झळकलं. १९८२ च्या 'ई.टी.' चित्रपटात परग्रहावरचा पाहुणा घरी निरोप धाडायला जे यंत्र जुळवतो ना, त्यात हेच खेळणं आहे. पुन्हा बघाल तेव्हा शोधा!