कवळी, रात्रीची झोप आणि शरीरस्वास्थ्य



सप्ताहाच्या काळात आपल्या भक्तनिवासात मुक्कामास येणाऱ्यांत सत्तरीपुढील मंडळी पुष्कळ असतात. त्यांपैकी कित्येक जण घरी रात्री कवळी काढून ठेवतात. परंतु सामायिक दालनात चारचौघांसमोर तोंडाचे बोळके दिसेल या संकोचाने ती तशीच ठेवून झोपतात. काही जण तर घरीही काढीत नाहीत. हा संकोच वरकरणी निरुपद्रवी वाटला तरी त्याचा संबंध फुप्फुसांपर्यंत पोहोचतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

कवळी ज्या ॲक्रिलिकची बनवितात त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो, पण त्यावर सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांत अन्नकण, जिवाणू आणि कॅन्डिडा नावाची बुरशी यांचा चिकट थर साचतो. दिवसा बोलताना व जेवताना लाळ वाहती असते. निद्रेत ती फार कमी होते, आणि टाळूला घट्ट बसलेल्या कवळीखाली तर जवळजवळ पोहोचतच नाही. मग टाळूवर लाली येते. बहुधा ती दुखत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. मधुमेह आटोक्यात नसेल तर ही बुरशी अधिक जोमाने वाढते.

झोपेत अनेकांच्या तोंडातील लाळेचा अल्प अंश श्वासनलिकेत उतरत असतो. धडधाकट माणसाची फुप्फुसे त्याचा बंदोबस्त करतात. वार्धक्यात हे राखणदार थकलेले असतात. जपानमध्ये ८५ व त्यापुढील वयाच्या ५२४ वृद्धांची तीन वर्षे पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. कवळी लावूनच झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट आढळला. दोष एकट्या कवळीचाच, असे यावरून सिद्ध होत नाही हे खरे. पण वाटीभर पाण्याने टळू शकणारा धोका उगाच का पत्करावा?

दुसरा प्रश्न सैल कवळीचा. दात गेल्यावर हिरडीखालचे हाड वर्षानुवर्षे झिजत जाते, त्यामुळे एकेकाळी नेमकी बसलेली कवळीही ढिली होते. मग भाकरी, उसळ, फळे सुटतात आणि आहार चहा-बिस्किटांवर व मऊ भातावर येतो. वजन व शक्ती घटते, आणि घरचे म्हणतात, वय झाले. काही जण चिकटविण्याची पेस्ट वाढवीत जातात. तेही जपूनच करावे. जस्तयुक्त पेस्ट दीर्घकाळ भरमसाट वापरल्याने शरीरातील तांबे घटून मज्जासंस्थेस इजा झाल्याच्या चार रुग्णांची नोंद अमेरिकेतील डॉक्टरांनी २००८ मध्ये केली होती. पाय बधिर होण्याचे कारण तोंडात असेल, हे कोणाच्या ध्यानात येणार! त्यापेक्षा दंतवैद्याकडून कवळीस आतून नवे अस्तर लावून घ्यावे.

झोपण्यापूर्वी कवळी मऊ ब्रश व साध्या साबणाने घासून स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवावी. टूथपेस्टने तिच्यावर चरे पडतात, उकळत्या पाण्याने आकार बिघडतो. हिरड्या, टाळू व जीभही पुसून घ्यावी. नातवंडांचे दात सरळ केल्यावर मिळणारे रिटेनर मात्र बहुधा रात्री लावण्यासाठीच असते. त्यास स्वच्छतेचा नियम लागू, काढून ठेवण्याचा नव्हे.

भक्तनिवासाच्या व्यवस्थापकांकडे झाकणाच्या अपारदर्शक डब्या ठेवल्या आहेत. त्या विनामूल्य असून मागताना कारण सांगण्याची आवश्यकता नाही. डबीवर आपले नाव अवश्य लिहावे. महाप्रसादाच्या वेळी कवळी कागदात गुंडाळून पत्रावळीशेजारी ठेवू नये. गतवर्षी अशी एक कवळी उष्ट्या पत्रावळींच्या ढिगातून शोधण्यात सेवेकऱ्यांची अख्खी दुपार गेली.

— सचिव, विश्वस्त मंडळ