किशोरवयीन डॉक्टरची व्यक्तिरेखा : 'डूगी हाऊझर, एम.डी.' या मालिकेचा विचार

बुद्धिमत्तेची वाढ आणि मनाची वाढ यांचा वेग एकच असतो काय, हा प्रश्न अध्यापकाला नवा नाही. प्रस्तुत लेखात 'डूगी हाऊझर, एम.डी.' या अमेरिकन मालिकेच्या आधारे त्याचा विचार केला आहे. स्टीव्हन बॉच्को व डेव्हिड ई. केली यांनी निर्माण केलेली ही मालिका एबीसी वाहिनीवर १९८९ ते १९९३ या काळात प्रसारित झाली. तिचे एकूण ९७ भाग झाले.

दहाव्या वर्षी प्रिन्स्टनची पदवी, चौदाव्या वर्षी वैद्यकीय पदवी आणि सोळाव्या वर्षी लॉस एंजेलिसच्या रुग्णालयात निवासी डॉक्टर, असा नायकाचा प्रवास आहे. नील पॅट्रिक हॅरिस यांनी ही भूमिका केली. पहिल्याच भागात वाहन चालविण्याची परीक्षा देत असताना हा मुलगा मध्येच उतरून अपघातग्रस्तावर उपचार करतो. ज्याला मोटार चालविण्याचा परवाना अद्याप मिळालेला नाही, त्याला माणसाच्या देहावर शस्त्र चालविण्याची मुभा आहे! मालिकेतील विनोदाचे मूळ या विसंगतीत आहे.

मात्र ही निव्वळ विनोदी मालिका नव्हे. अर्ध्या तासाच्या चौकटीत मृत्यू, प्रथम प्रेम आणि आईवडिलांशी होणारे मतभेद एकत्र येतात. नायक स्वतः बालपणी रक्ताच्या कर्करोगातून बचावलेला आहे. त्यामुळे त्याची रुग्णांविषयीची आस्था उसनी वाटत नाही. भागाच्या अखेरीस तो संगणकावर रोजनिशी लिहितो. दिवसभर इतरांचे निदान करणारा हा मुलगा तेथे स्वतःचे निदान करू पाहतो आणि पुष्कळदा चाचपडतो. प्रस्तुत लेखिकेस मालिकेचे खरे सामर्थ्य या चाचपडण्यात जाणवते.

वास्तवातही असे उदाहरण घडले. वेल्लोर येथे जन्मलेले बालमुरली अंबाटी १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयातून सतराव्या वर्षी पदवीधर झाले. भारतात हे शक्य नाही. एम.बी.बी.एस. प्रवेशासाठीच किमान वय १७ वर्षे असून आंतरवासितेसह अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. गुणपत्रिकेवरून हुशारी जोखणाऱ्या आपल्या व्यवस्थेने येथे मात्र वयाची अट राखली आहे, हे उल्लेखनीय होय.

२०२१ मध्ये डिस्ने प्लसवर आलेल्या नव्या आवृत्तीत नायिका हवाई बेटांवरील सोळा वर्षांची मुलगी आहे. तिच्या जगातही जुनी मालिका सर्वांना ठाऊक आहे. तिला 'डूगी' हे टोपणनाव मिळते ते त्यावरूनच.