आवाज आणि नजर
(कलावंतांच्या मुलखात : लेखांक ७)

  १९२९ साली ब्राझीलमधल्या रिओतल्या एका साध्या घरात जन्मलेली आर्लेट कोवळ्या वयात सरकारी शिक्षण खात्याच्या रेडिओवर लागली. निवेदन करायचं, श्रुतिकांतून बोलायचं, जमेल तसं लिहायचं. लिहिण्यासाठी तिनं टोपणनाव घेतलं, फर्नांडा मॉन्टेनेग्रो. ‘फर्नांडा’ जुन्या कादंबरीतल्या नायिकेसारखं वाटलं म्हणून, आणि ‘मॉन्टेनेग्रो’ घरच्यांच्या माहितीतल्या एका डॉक्टरांचं आडनाव.

१९५० मध्ये ती रंगमंचावर आली. फर्नांडो टोरेस तिथंच भेटले. पुढे लग्न झालं आणि संसार नाटकाच्या तालमींतच वाढला. १९५९ मध्ये दोघांनी मित्रांबरोबर ‘तेआत्रो दोस सेते’, म्हणजे ‘सात जणांचं नाट्यगृह’, ही मंडळी उभी केली. नेल्सन रॉड्रिग्ज हे त्या काळातले ब्राझीलचे वादग्रस्त नाटककार. फर्नांडानं त्यांच्यामागे लागून नाटक मागून घेतलं. वाहनाखाली सापडलेला माणूस मरता मरता अनोळखी वाटसरूकडे चुंबन मागतो, तो ते देतो, आणि वर्तमानपत्र त्या वाटसरूचं जगणं नासवून टाकतं. हे नाटक, ‘ओ बेजो नो आस्फाल्तो’, १९६१ मध्ये रंगमंचावर आलं. आजच्या वाहिन्या पाहताना मला ते हमखास आठवतं.

जगाला मात्र ती कळली १९९८ मध्ये, साठी उलटून बरीच वर्षं झाल्यावर. दिग्दर्शक वॉल्टर सालेसच्या ‘सेंट्रल दो ब्राझिल’ या चित्रपटातली डोरा ही निवृत्त शिक्षिका. रेल्वे स्टेशनात टेबल मांडून निरक्षरांची पत्रं पैसे घेऊन लिहून देते, पण त्यातली पुष्कळशी टपालात टाकतच नाही! बाई खडूस, खोटारडी, शिवाय त्याबद्दल जराही लाज नसलेली. फर्नांडा तिला गोड करून दाखवत नाही, आणि मला वाटतं, सगळी ताकद त्यातच आहे. समोरचा छोटा मुलगा, विनिसियस, खऱ्या आयुष्यात विमानतळावर बूटपॉलिश करणारा. सालेसला तो तिथंच सापडला. बर्लिनला चित्रपटाला सुवर्ण अस्वल मिळालं, तिला अभिनयाचं रौप्य. ऑस्करचं नामांकनही झालं. बक्षीस ग्विनेथ पॅल्ट्रोला गेलं.

रेडिओवर फक्त आवाज होता, चेहरा नव्हता. २०२४ च्या ‘आइंदा इस्तोउ आकी’ या चित्रपटात नेमकं उलट घडलं. ब्राझीलच्या लष्करी राजवटीनं १९७१ मध्ये उचलून नेलेल्या रुबेन्स पाइवांची पत्नी युनिस हिची ही गोष्ट. तरुण युनिस साकारली फर्नांडाच्या मुलीनं, फर्नांडा टोरेसनं. शेवटी म्हातारी युनिस येते, स्मृतिभ्रंशानं विझलेली, चाकाच्या खुर्चीत. ती साकारली आईनं, फर्नांडा मॉन्टेनेग्रोनं. दूरदर्शनच्या पडद्यावर नवऱ्याचा फोटो दिसतो. संवाद एकही नाही. डोळ्यांत काहीतरी किंचित हलतं, इतकंच.