शर्यत राहिली, बैलाचे काय?

विम्बल्डन म्हटले की आपल्याला टेनिस आठवते. लंडनच्या त्याच उपनगरात १९२८ साली आणखी एक क्रीडांगण उभे राहिले होते. तेथे ग्रेहाउंड कुत्र्यांच्या आणि स्पीडवे मोटारसायकलींच्या शर्यती होत. मार्च २०१७ मध्ये कुत्र्यांची अखेरची शर्यत झाली आणि त्या जागी घरे व फुटबॉलचे मैदान आले. १९०८ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या व्हाइट सिटीची कथा याहून निराळी नाही. १९२७ पासून तेथे कुत्रे धावले. १९८५ साली ते पाडून बीबीसीची कार्यालये उभारण्यात आली.

हा खेळ इंग्लंडात रुजला तो १९२६ साली, मँचेस्टरच्या बेल व्ह्यू येथे, विजेवर पळणाऱ्या खोट्या सशामागे. घोड्यांच्या शर्यती दिवसा आणि शहराबाहेर होत. कुत्र्यांच्या शर्यती मात्र संध्याकाळी, वस्तीलगत भरत. त्यामुळे गिरणी-कारखान्यातून सुटलेला कामगार तेथे जाऊ शके, रोख पैजही लावू शके. १९६० च्या कायद्यामुळे पुढच्याच वर्षी गल्लोगल्ली पैजेची अधिकृत दुकाने उघडली. मैदानावर जाण्याचे एक मोठे कारण त्यामुळे संपले. इकडे तिकिटाचे उत्पन्न आटत गेले, तिकडे जमिनीचा भाव चढत गेला. या विषम झुंजीत मैदान टिकणे शक्यच नव्हते.

आपल्या वऱ्हाडातील शंकरपटाला या उदाहरणाशी ताडून पाहणे उद्बोधक ठरेल. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरसारख्या गावांनी पटाचा लौकिक कमावला. पटाला ना कायमचे प्रेक्षागार लागते, ना सिमेंटच्या पायऱ्या. पिके निघाल्यावर मोकळे झालेले रान त्याला पुरते. म्हणजे येथे जमिनीच्या भावाचा प्रश्न गौण. पटाचे खरे भांडवल म्हणजे बैल.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांच्या छळाच्या कारणास्तव या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. छळाचा आक्षेप खोटा नव्हता. म्हणूनच अटींचे काटेकोर पालन हे पटाचे पहिले कर्तव्य होय.

परंतु कायद्याने शर्यत वाचते, बैल वाचत नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशात गोवंशातील नर सुमारे ६.८ कोटी होते. २०१९ मध्ये ते सुमारे ४.७ कोटी उरले. नांगरणी ट्रॅक्टरकडे गेली. वर्षातले मोजकेच दिवस काम देणारी आणि बाराही महिने वैरण खाणारी जोडी लहान शेतकऱ्याच्या हिशेबात बसेनाशी झाली. अशा वेळी पटाची जोडी ही केवळ धनिकाच्या हौसेची वस्तू होऊन बसण्याचा धोका आहे. ज्याच्या गोठ्यातून हा खेळ जन्मला, तो मग कुंपणाबाहेरचा प्रेक्षक होईल.

यावर उपाय अगदीच नाहीत असे नव्हे. चपळ चालीसाठी प्रसिद्ध असलेल्या गवळाऊ जातीच्या पैदाशीला उत्तेजन द्यावे. शेतात प्रत्यक्ष राबणाऱ्या जोड्यांसाठी पटात स्वतंत्र गट व बक्षिसे ठेवावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गावोगावची ई-क्लास गायराने अतिक्रमणापासून राखावीत. व्हाइट सिटीचे मैदान जमिनीच्या भावाने गिळले. आपले पटाचे मैदान दर हिवाळ्यात नव्याने आखता येईल. पण त्यावर धावणारा बैल गायरानावर आणि गोठ्यातच वाढावा लागतो, याचा विसर पडता कामा नये.